तिघांनीच बसायचा बाक

भाऊ, काल आपला बाक फोडला.

प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी, निंबाच्या सावलीत, दोन बाजूंना क्यूबांच्या, म्हणजे तपासणीसाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, चळती आणि त्यांवर आडवा टाकलेला तो वीतभर रुंदीचा काँक्रीटचा बीम. आठ वर्षं तो तिथं होता; त्यावर बसून आपण किती चहा प्यायलो. दहा-अकरा दिवसांपूर्वी आम्ही चौघांनी तो उचलून आत नेला, परवा घासून धुतला, भेग उठून दिसावी म्हणून चुन्याचे दोन हात दिले आणि काल मशीनखाली ठेवला. नखांत अजून चुना आहे. तुम्हांला जाऊन महिनाही झालेला नाही, आणि मी हे लिहितोय ते चक्क उत्साहात. त्याची लाज वाटते. पण बीम फुटायच्या दिवशी तुमची स्वतःची काय अवस्था व्हायची ते मी पाहिलेलं आहे, म्हणून तुमच्यापाशी लपवत नाही.

किती भाराला फुटला ते लगेच सांगणार नाही. तुमचाच नियम आहे. आधी चिठ्ठी, मग मशीन.

हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. जळगावच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तुम्ही काँक्रीटच्या प्रयोगशाळेतले सहायक. हजेरीपटावर तुमचं नाव सगळ्यांत खाली, पण मशीन तुमच्या शब्दाशिवाय सुरू होत नसे. बीम फोडण्याआधी तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं, मग तो विभागप्रमुख असो की वॉचमन, बीम किती टनाला फुटेल ते कागदावर लिहून क्यूबच्या रिकाम्या साच्यात टाकायचं. साच्यावर तुम्ही लोखंडी पट्टी ठेवायचात. ज्याचा आकडा सगळ्यांत लांब जाईल त्यानं सगळ्यांना भजी आणायची. विभागप्रमुख एकदा वैतागून म्हणाले, "सुकदेव, हा काय सट्टा लावलाय?"

"सट्टा नही साहेब," तुम्ही म्हणालात. "फुटल्यावर कोनबी सांगी. मन्ही म्हैसबी सांगी."

साहेबांनी निमूट खिशातून पेन काढलं.

माझ्याशी तुमचं सूत जुळलं ते मात्र प्रयोगशाळेत नाही, कॉम्प्युटरच्या खोलीत. तिथं चपला बाहेर काढून जावं लागे, आणि तुमचे पाय घोट्यापर्यंत सिमेंटनं पांढरे. ऑपरेटरनं अडवलं तर तुम्ही परत गेलात, क्यूब भिजवायच्या हौदावर पाय धुतलेत आणि ओल्या पावलांनी आत येऊन माझ्या मागं उभे राहिलात. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा, पीएच.डी.ला नाव घातलेला, आणि काँक्रीटचा बीम स्वतःच्या हातानं एकदाही न भरलेला. पडद्यावर बीमचे चौकोन चौकोन पाडून ठेवले होते.

"ही जाळी कशाची?"

"बीमची. कॉम्प्युटर एक-एक चौकोन घेतो. त्याच्यावर भार आला तर तो किती दबेल, किती ताणला जाईल, शेजारच्याला किती ढकलेल, हे काढतो. मग सगळे जोडले की आख्खा बीम कसा वागेल ते कळतं."

"आन चौकोनाले कसं कळस, आपण काँक्रीट शे का लाकूड?"

या एका प्रश्नासाठी मी तुमचा जन्माचा ऋणी आहे. बाहेरगावच्या मोठ्या प्राध्यापकांनीही तो मला एवढा सरळ विचारला नव्हता. मी म्हणालो, ते आपणच सांगायचं असतं. काँक्रीट कसं वागतं याचा एक नियम निवडायचा आणि प्रत्येक चौकोनाला तोच द्यायचा. त्याला मटेरियल मॉडेल म्हणतात.

"म्हंजे स्वभाव द्यायचा," तुम्ही म्हणालात.

तेव्हापासून माझ्या वर्गातही तो शब्द चालतो. विद्यार्थी हसतात, पण त्यांना तो लगेच कळतो. फायनाइट एलिमेंट म्हणतात त्या या पद्धतीत चौकोन पाडणं हे हमालीचं काम. खरं काम स्वभाव निवडण्याचं. तो चुकला की लाखभर आकडे बरोबर येऊनही सगळं खोटं.

मी आधी काँक्रीटला सोपा स्वभाव दिला होता: जेवढा भार तेवढं वाकणं, भेग कधी नाहीच. तुम्ही आलेख पाहिलात आणि म्हणालात, "सर, हे काँक्रीट का रबर?" मग दुसरा दिला: ताण मर्यादेबाहेर गेला की चौकोन फुटला, त्या क्षणापासून तो काहीच धरणार नाही. हा मला फार शास्त्रशुद्ध वाटत होता. पण तो दिला की प्रोग्रॅम वेडा व्हायचा. एक चौकोन हात सोडायचा, शेजारच्यावर एकदम बोजा यायचा, तोही सोडायचा, आणि प्रिंटरमधून पानंच्या पानं अशा आकड्यांची यायची की बीम म्हणे दोन कोस खाली गेला. ती पानं तुम्ही नमुन्यांखाली अंथरायला न्यायचात.

आणि मग ती गोणपाटाची दुपार. भर मे महिना. आपण दोन जुळे बीम भरले होते, एकाच मालाचे, आत सळ्यांभोवती लोखंडी रिंगा न घातलेले, म्हणजे तिरप्या भेगेनं फुटणारे. तुम्ही त्यांवर ओलं गोणपाट घालत होतात आणि मी बाजूला रडगाणं गात होतो की फुटलेलं काँक्रीट प्रोग्रॅमला सांभाळता येत नाही. तुम्ही एक कुजलेलं गोणपाट उचललंत, दोन्ही हातांत धरलंत आणि हळूहळू ताणलंत. आधी ते ताठ झालं. मग मधोमध चर्र वाजलं, सुतं एक-एक करून सुटायला लागली. पण दोन्ही बाजू अजून एकमेकींना धरून होत्या.

"तुटनं का?" तुम्ही विचारलंत.

"तुटलं."

"सुटनं का?"

तुम्ही आणखी ओढलंत. थोडी सुतं गेली, थोडी राहिली.

"एकदम नही सोडस, सर. खडी खडीले धरी ठेवस. भेग दिसनी म्हंजे बठ्ठं संपनं असं नही."

भाऊ, मी त्या दुपारी उन्हात अनवाणी कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंत पळत गेलो होतो. चपला हौदापाशीच राहिल्या. भेग पडल्यावर ताण झटक्यात शून्य न करता उतरता न्यायचा, हे मी वाचलेलं होतं, नाही असं नाही. पण ते माझ्यासाठी कागदावरचं एक समीकरण होतं. तुमच्या हातात ते मी होताना पाहिलं. उतरत्या रेषेला आपण "शेपूट" म्हणायला लागलो. ती शेपूट घातली आणि प्रोग्रॅम पहिल्यांदाच शेवटपर्यंत चालला. प्रिंटरमधून शहाणे आकडे बाहेर येताना आपण दोघं लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे त्याच्यासमोर बसलो होतो.

प्रश्न एकच उरला. शेपूट किती लांब? लांब धरली तर बीम नऊ टन घ्यायचा, आखूड धरली तर चारालाच फुटायचा. पुस्तकांत एकमत नव्हतं. तो आकडा मला निवडायचा होता, आणि बीम फुटण्याआधी निवडायचा होता.

तो मी निवडला नाही. हेच तुम्हांला सांगायचं राहिलं.

पहिला बीम फोडायच्या दिवशी सगळे जमले. आधीचे दोन दिवस वीज येऊन-जाऊन होती, माझं गणित अर्धवट होतं. पण तसं बोलून दाखवायची हिंमत झाली नाही. तुम्ही साच्यावरची पट्टी उचलून म्हणालात, "सर, आता कॉम्प्युटरची चिठ्ठी." मी घडी घातलेला कागद टाकला. तो कोरा होता. वर ऐटीत म्हणालो, "हिच्यासोबत आलेख छापून आणायचाय. माझी चिठ्ठी सोमवारी उघडू." तुम्हांला ते पटलं. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या उघडल्या, माझी साच्यातच ठेवून तुम्ही साचा कपाटात कुलूपबंद केलात. बीम सहा पूर्णांक चार टनाला फुटला. तिरपी भेग, आधारापासून भाराच्या टोकापर्यंत. तुम्ही तिच्या कडेनं पेन्सिलीनं आकडे लिहीत गेलात, कुठपर्यंत कधी पोचली त्याचे, कपड्यावर शिंपी खुणा करतो तितक्या हलक्या हातानं.

शनिवारी मी तुमच्याकडे कपाटाची चावी मागितली. कारण सांगितलं की पट्टी हवी आहे. तुम्ही म्हणालात, "चावी मागायची काय सर, घ्या." मी कोरा कागद काढला आणि दुसरा ठेवला. तोवर शेपूट लांब-आखूड करत करत मी बरोबर सहा पूर्णांक चारवर आणली होती. कागदावर मात्र साडेसहा लिहिलं. तंतोतंत जुळलं तर कुणाला शंका येईल म्हणून. इतका विचार मी केला होता, भाऊ. आयुष्यात इतक्या बारकाईनं मी दुसरं काहीच केलेलं नाही.

सोमवारी तुम्ही चिठ्ठी उघडलीत. तुमचा चेहरा आजही डोळ्यांसमोर आहे. हरलेले नसताना भजी तुम्ही आणलीत, सगळ्या विभागाला. वॉचमनला सांगत होतात, "अरे, फुटायच्या आधी सांगनं त्यानी. आधी." चिठ्ठी तुम्ही मागून घेतलीत. मी दिली.

आणि दुसरा बीम? मी म्हणालो, आता त्याची गरज नाही, टाकून द्या. तुम्ही त्याचा बाक केलात.

बाकाचा तुमचा कायदा होता: तिघंच बसतील, चौथा उभा राहील. एकदा एक भरदार ठेकेदार चौथा म्हणून टेकला तर तुम्ही त्याला चहाचा कप हातात असताना उठवलंत. तो म्हणाला, "भाऊ, दगडी बाकाला काय होतंय?" तुम्ही म्हणालात, "त्याले काही नही व्हत. पन तो अजून कामावर शे." आम्ही हसलो. मला वाटलं, तुमची नेहमीची मस्करी.

त्या साडेसहावर माझा प्रबंध उभा राहिला. परिषदेत निबंध वाचला. दोन विद्यार्थ्यांनी तीच शेपूट माझ्या भरवशावर आपल्या गणितांत घातली. वर्गात मी ती फळ्यावर लिहायचो तेव्हा पाठ तुमच्या प्रयोगशाळेकडे असायची आणि खडू माझ्या हातून हटकून मोडायचा.

पण ज्यावरून आपलं खरं भांडण झालं, तो तुमच्या गावचा खांब. अमळनेरजवळच्या तुमच्या गावी लोकांनी श्रमदानानं विहार बांधला होता. पुढच्या पोर्चच्या बीमला भिंतीलगत तिरपी केसासारखी भेग आली. तुम्ही मापं घेऊन आलात, सळ्या किती, रिंगा किती, माल कसा, सगळं. रिंगा जवळजवळ नव्हत्याच. "सर, आपल्या कॉम्प्युटरले विचारा." मी विचारलं. त्याच शेपटीनं. कॉम्प्युटर म्हणाला, मजबूत आहे. मी तुम्हांला तसं सांगितलं आणि तुम्ही खूश होऊन गावी निरोप धाडलात.

मग मला तिथं वंदनेला बसलेली माणसं दिसायला लागली. रविवारी मी तुम्हांला न सांगता अमळनेरची गाडी पकडली, पुढं एसटीनं गावी गेलो आणि मंडळींना सांगितलं की भिंतीपासून दीड हातावर, भेगेच्या खाली, एक विटांचा खांब घ्या. का, असं विचारलं तर म्हणालो, देखणा दिसेल. देखणा कसला. नेमका चपला काढायच्या जागेवर. दारातून येणारा प्रत्येक माणूस त्याला खांदा घासून आत जातो.

खांब उभा राहिल्यावर एका सोमवारी तुम्ही कॉम्प्युटरच्या खोलीत आलात, पाय न धुता.

"तुमचा कॉम्प्युटर सांगस मजबूत शे. मंग खांब कशाले?"

"असू द्या भाऊ. जास्तीची काळजी."

"जास्तीची काळजी का कमी भरवसा? गाववाले मले विचारतस, तुमचा सर कॉम्प्युटरवाला शे का गवंडी?"

"शोभेला आहे म्हणा."

"शोभा? काल मन्ही बायको ठेचकाळनी त्या शोभेवर."

पुढं निवृत्त होईपर्यंत तुम्ही हा प्रश्न सोडला नाहीत. गावी जाऊन आलात की पहिलं वाक्य तेच. मी विषय बदलायचो. खरं उत्तर द्यायचं तर चिठ्ठीपासून सुरुवात करावी लागली असती.

निवृत्त होऊन तुम्ही धुळ्याला देवपुरात मुलाकडे, मिलिंदकडे, राहायला गेलात, तेव्हा ठरवून तुम्हांला भेटायला आलो होतो. जळगाव ते धुळे एसटीत वाक्यं पाठ केली. एरंडोलपर्यंत धीट होतो, पारोळ्याला थोडा कमी, आणि धुळ्याला उतरलो तेव्हा वाक्यं सगळी होती, फक्त पहिलं आठवेना. शेजारचे एक गुरुजी तुमच्याकडे बसलेले होते. तुम्ही मला बसवलंत आणि भिंतीवरच्या फोटोच्या मागून ती चिठ्ठी काढून त्यांना दाखवलीत. "हाई दखा. फुटायच्या आधी लिखेल शे. आमना सरनी." गुरुजींनी चष्मा लावून वाचलं, मग माझ्याकडे आदरानं पाहिलं. वहिनींनी शेवभाजी केली होती. मी दोनदा वाढून घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

त्यानंतर मिलिंदचा फोन आला तो तुम्ही गेल्याचा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, चार जण चांगलं बोलले. मिलिंद म्हणाला, "सर, बाबा तुमच्याबद्दल फार बोलायचे. तुम्ही बोला." मी उठलो. मला चांगलं बोलता येतं, तुम्हांला माहीत आहे. पण तुमचा फोटो समोर होता आणि त्याच्यामागं चिठ्ठी होती. मी पहिलं वाक्य शोधत बसलो नाही. म्हणालो, "ती चिठ्ठी खोटी आहे." मग कोरा कागद, शनिवार, चावी, साडेसहा, खांब, सगळं सांगितलं. कुणाला कितपत कळलं माहीत नाही. गुरुजी जमिनीकडे बघत होते. मिलिंद माझ्याकडे बघत होता, ते जास्त कठीण होतं.

शांतावहिनी उठल्या, फोटोमागून चिठ्ठी काढली, माझ्या हातात दिली.

"हाई तुमनी. आते खरी टाका."

"वहिनी, तो बीम तर तेव्हाच फुटला."

"एक ठेयेल शे ना? ते म्हनेत, सरना एक बीम बाकी शे. म्हनून चौथाले बसू देत नव्हते त्यावर."

भाऊ, मी धुळ्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना एकटाच हसत होतो. लोक बघत होते. बाक! आठ वर्षं मी त्याच्यावर बसून अपराधी होत होतो, आणि तुम्ही तो माझ्याखाली राखून ठेवला होता. तुम्हांला माझ्यावर संशय होता असं मी म्हणत नाही. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, नव्हता. तुम्हांला फक्त पुन्हा एकदा बघायचं होतं. एका चिठ्ठीवर तुमचं मन भरलं नव्हतं, एवढंच. खरा प्रयोग करणारा आपल्या दोघांत कोण होता, याचं आणखी काय प्रमाण हवं?

बाक उचलला तेव्हा तर आणखी एक दिसलं. दोन्ही चळतींच्या तळाचे क्यूब अख्खे होते. त्यांवर तुम्ही रंगानं तारीख घातलेली, बीम भरल्याची. त्याच मालाचे चार क्यूब, न फोडलेले. म्हणजे कधीतरी बीम फोडायची वेळ आली तर आजच्या काँक्रीटची ताकद किती, ते आधी काढता यावं म्हणून. वरचे फुटके क्यूब लोकांना दिसायला. आणि तिघांच्या कायद्याचंही मी गणित करून बघितलं. चौघं बसले असते तरी त्याला भेग गेली नसती. तुम्ही माझ्या गणितापेक्षा जास्त जपलंत.

मग दहा दिवस मी जे जगलो, तसं बत्तिसाव्या वर्षीही जगलो नव्हतो. क्यूब फोडले, ताकद काढली. एवढ्या वर्षांत ती वाढली होती. नव्या कॉम्प्युटरवर जुना प्रोग्रॅम चढवला. शेपूट तीच ठेवली, एक तसूही कमी-जास्त केली नाही. तिचीच तर परीक्षा होती. आकडा आला सात पूर्णांक आठ. तो मला जास्त वाटला. हात शिवशिवले, खोटं बोलणार नाही. शेपूट जरा आखूड केली की तो सातावर येणार हे मला माहीत होतं. मी कागदावर ७.८ लिहिलं, घडी घातली आणि वहिनींना फोन केला.

त्या काल सकाळच्या एसटीनं मिलिंदबरोबर आल्या. मशीनच्या खोलीबाहेर त्यांनी चपला काढल्या, मी म्हणालो, वहिनी, इथं चालतात, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." तुमच्या जागेवर आलेल्या कैलासनं साचा आणला. मी माझी चिठ्ठी वहिनींच्या हातात दिली, त्यांनी ती साच्यात टाकली आणि विचारलं, "मन्ही नही का?"

"टाका ना. किती लिहू?"

"पहिला सहाले फुटना ना? हाऊ तर म्हातारा व्हयना. सहाच लिखा."

मी मनात हसलो. काँक्रीट वयानं मजबूत होतं, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. मिलिंदनं साडेसहा लिहिलं, कैलासनं सात. पट्टी ठेवली. मशीन सुरू.

दोन टनांच्या आसपास खाली बारीक उभ्या भेगा आल्या. पेन्सिल कैलासच्या हातात होती, ती वहिनींनी मागून घेतली. पाच टन. चुना अजून पांढरा. साडेपाचला आधाराशी एक काळी रेष दिसली, तिरपी, अगदी माझ्या आलेखात होती तशीच. सहा. वहिनींचा आकडा गेला. साडेसहा. मिलिंदचा गेला. आणि सहा पूर्णांक सहावर भेग सर्रकन भारापर्यंत गेली. पण काटा एकदम पडला नाही, भाऊ. मागे आला, थबकला, पुन्हा थोडा मागे आला. खालच्या सळ्यांचाही त्यात हात असतो हे मला माहीत आहे. तरी मला तुमचं गोणपाटच दिसलं. मी ओरडलो, "तुटलं, पण सुटलं नाही." कैलासला वाटलं, सरांचं काहीतरी बिघडलं.

चिठ्ठ्या उघडल्या. सगळ्यांत लांब मी गेलो होतो. एक पूर्णांक दोन टनांनी. आठ वर्षांच्या उन्हानं बीम आतून सुकला, आकसला, त्याचं मी काँक्रीटला दिलेल्या स्वभावात काहीच नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "मी सांगं ना, म्हातारा व्हयना." मी कोपऱ्यावरून भजी आणली. इतकी चविष्ट भजी मी कधी खाल्ली नाहीत.

बीमवर वहिनींनी भेगेच्या टोकाशी ६.६ लिहिलं. शेजारी मी लिहिलं: चिठ्ठी ७.८. जुनी चिठ्ठी प्रयोगशाळेच्या वहीत चिकटवली आणि खाली लिहून सही केली की ही बीम फुटल्यानंतर लिहिलेली आहे. त्या दोन विद्यार्थ्यांना आज सकाळी पत्रं टाकली. जिथं प्रबंध दिला तिथंही लिहिलंय. काय उत्तर येईल ते येईल. इथून पुढं त्या शेपटीवर खूप काम आहे, वाळण्या-आकसण्याचा स्वभाव त्यात कसा घालायचा हे मला आत्ताच थोडं दिसायला लागलंय, आणि हे सांगायला मागच्या दाराशी गेलो तर तिथं नुसत्या चळती.

तर तुमचा प्रश्न. कॉम्प्युटर मजबूत म्हणाला, मग खांब कशाला?

ऐका. कॉम्प्युटर मजबूत म्हणाला, कारण तसं म्हणायला मी त्याला शिकवलं होतं. तो जास्त सांगतो, हे काल सगळ्यांसमोर ठरलं. पोर्चचा बीम तुमच्या बाकासारखाच रिंगांवाचून उभा आहे आणि तोही उन्हातच म्हातारा होतोय. जास्तीची काळजी नव्हती ती भाऊ, कमी भरवसाच होता. तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. वहिनींना मी काल एसटीत बसवताना हेच सांगितलं, त्या गावी निरोप देणार आहेत.

खांब राहू द्या. चपला काढताना आडवा येतो, तर येऊ द्या.